अंधांचा मेंदू आणि डोळसांची व्यवस्था

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या. पुढे लोकलचा रोजचा प्रवास करीत सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या. २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत उत्तीर्ण होऊनही पूर्ण अंधत्वाचे कारण दाखवून रेल्वेने त्यांना नेमणूक नाकारली. २०१६ च्या परीक्षेत त्या १२४ व्या आल्या आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमच्या सब-कलेक्टर झाल्या. त्यांच्या जिद्दीचा गौरव झाला, तो योग्यच. परंतु समाजवाद्यांनी तेवढ्यावर थांबून चालणार नाही.

रेल्वेने डोळे तपासले; कार्यक्षमता तपासली नाही. विज्ञान काय सांगते? लहानपणी अंध झालेली व्यक्ती ब्रेल वाचते, तेव्हा डोळसांमध्ये दृष्टीचे काम करणारा मेंदूचा भाग कामास लागतो, हे १९९६ साली सादातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. पुढच्याच वर्षी, त्या भागाच्या कार्यात चुंबकीय स्पंदनांनी क्षणभर व्यत्यय आणताच अशा वाचकांच्या वाचनात चुका होतात, हेही सिद्ध झाले. डोळसांच्या डोळ्यांवर पाच दिवस पट्टी बांधली, तरी तो भाग स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागतो. पट्टी सुटल्यावर दिवसभरात तो प्रतिसाद मावळतो. तात्पर्य, मेंदूतील कोणतीही जागा ओस पडून राहत नाही. मिळेल त्या कामातून ती घडते. मात्र ही लवचीकता बालपणी सर्वाधिक असते. शाळेने वाया घालविलेली वर्षे पुढे कोणतीही योजना पूर्णपणे भरून देऊ शकत नाही.

बोलक्या मोबाइलमुळे आता ब्रेलची गरज उरली नाही, असे काहीजण म्हणतात. डोळस मुलाला केवळ ऐकवून शुद्धलेखन आणि गणित शिकवावे, असे मात्र कोणी सुचवीत नाही!

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ब्रेल जाणणारे शिक्षक नेमण्यास आणि अठरा वर्षांपर्यंत पुस्तके व साधने विनामूल्य देण्यास शासनाला बांधून घेतो. आपल्या पालिका शाळांत असे शिक्षक किती, ब्रेल पुस्तके जूनमध्ये पोचतात की परीक्षेच्या तोंडावर, हे ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डांतून विचारले पाहिजे. उल्हासनगरच्या मुलीला अक्षरांसाठी दादर गाठावे लागले. पुढच्या मुलीला ती आपल्याच गल्लीतील शाळेत मिळावीत, ही मागणी दयेची नव्हे, हक्काची आहे.