आईची खाट आत हवी
छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जालना-बीडकडूनही अपुऱ्या दिवसांची बाळं येतात. अशा बाळांच्या कुठल्याही कक्षापाशी चित्र बहुधा तेच असतं: बाळ आत काचपेटीत, ओल्या टाक्यांची आई बाहेर. दूध काढून द्यायला सांगतात, तर पहिल्या दिवशी वाटीचा तळही भिजत नाही आणि बाई रडकुंडीला येते. ते चार थेंब चिकाचे असतात, त्या एवढ्याशा पोटाला तेच औषध. हे तिला कुणीतरी लगेच सांगायला हवं. आणि बाळ आईपासून लांबच ठेवायला हवं, असंही नाही. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधली. तीच कांगारू मदर केअर. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना म्हणते, बाळ फार अत्यवस्थ नसेल, व्हेंटिलेटर लागत नसेल, तर जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर सुरू करा, दिवसाला 8 ते 24 तास. एवढा वेळ आई बाहेरच्या बाकावर बसून कसा देणार? नवजात अतिदक्षता कक्षात तिची खाट हवीच, आणि त्यासाठीचा पैसा यंत्रांइतकाच गरजेचा मानला पाहिजे. नातेवाइकांनो, ‘वजन किती भरलं?’ हे रोज विचारू नका. गरम डबा पोचवा. बाबांनीही शर्टाची बटणं सोडून बाळाला छातीशी घ्यावं.