संत्र्याची साल

डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची जत्रा भरते. मी हौसेने जातो. एकदा तिथे १९७० ची डॉज चॅलेंजर दिसली. रंग 'प्लम क्रेझी', म्हणजे जांभळाला वेड लागलं तर होईल तसा. मालक छाती फुगवून सांगत होता, "शंभर टक्के ओरिजिनल रिस्टोरेशन!" बॉनेटमध्ये मला माझ्या दाढीचे खुंट मोजता येत होते. तिथेच माशी शिंकली.

कारण १९७० साली हॅमट्रॅमकच्या कारखान्यातून अशी चकाकणारी चॅलेंजर निघतच नव्हती. क्रायस्लरवाले इनॅमल मारून भट्टीत भाजायचे. रंगाचा थर तोच, चमकही त्याचीच, वर क्लिअर कोट वगैरे काही नाही. लाइन पुढे सरकत असायची, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक खडबड राहायची. पेंटर लोक तिला 'ऑरेंज पील' म्हणतात, संत्र्याची साल! डिकीच्या आत, दाराच्या कडांना रंग पातळच. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे कण त्याच थरात, त्यामुळे फार घासलं की डाग पडणार. जनरल मोटर्सचं तंत्र वेगळं. त्यांचं ॲक्रिलिक लॅकर सॉल्व्हंट उडून सुकायचं, आणि गरम केलं की परत मऊ व्हायचं. म्हणून ते भट्टीत पुन्हा वितळवून सपाट करायचे. म्हणजे कॅमारोची चमक आणि चॅलेंजरची चमक मुळातच वेगळी. आज दोघींवर एकच जाड क्लिअर कोट चढवतात आणि दोघी सख्ख्या बहिणी दिसायला लागतात. माझी खरी तक्रार ही आहे.

आमच्या धंद्यात जुन्या मशीनचा एम्युलेटर लिहिताना त्या मशीनचे बगसुद्धा जपावे लागतात, कारण जुने प्रोग्रॅम त्याच बगच्या भरवशावर चालतात. कुणी शहाणपणा करून बग 'सुधारला' की ते मशीन राहत नाही, व्हर्जन टू होतं. व्हर्जन टू जरूर काढा हो, गाडी तुमची, पैसे तुमचे. रोज चालवायची असेल तर क्लिअर कोट उन्हापावसात टिकतोही जास्त. फक्त त्याला ओरिजिनल म्हणू नका, निदान विकताना तरी.

आता तुम्ही म्हणाल, मग जुनाच रंग आणून मारायचा का? मुळीच नाही. त्या काळच्या पिवळ्या-नारिंगी छटांमध्ये लेड क्रोमेट असायचं, म्हणजे शिसं. लॅकर जाड बसलं की पुढे तडकतं. शिवाय सॉल्व्हंटच्या वाफांवर अमेरिकेत १९९८ पासून देशभर मर्यादा आहे. (आजचे युरेथेनही काही संत नव्हेत. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने पेंटरला कायमचा दमा लागू शकतो. कुणाच्या हौसेसाठी कुणाची फुप्फुसं?) माझं म्हणणं डोळ्याला दिसतं तेवढ्यापुरतंच आहे. आजचाच सुरक्षित रंग घ्या, पण सिंगल स्टेज, त्या वर्षाच्या कोडचा, आणि पॉलिश करताना हात आवरा. हे शेवटचं सगळ्यात कठीण. जन्मभर साल घालवण्यात हात बसलेल्या पेंटरला 'जरा राहू दे' सांगणं म्हणजे सुगरण आजीला 'पोळी जरा वातड कर' म्हणण्यासारखं! नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीचे परीक्षक मात्र गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसते का तेच बघतात. जास्तीच्या चकाकीचेही गुण कापतात.

आणि मूळ रंग थोडा जरी शिल्लक असेल, फिका, खडूसारखा झालेला का असेना, तर सॅंडर आधी बाजूला ठेवा. फेंडर टॅगवर 'एफसी७' असा कोड मिळेल, पण थर किती होता, फवारा कुठपर्यंत उडला होता, हे टॅगवर नसतं. ते फक्त त्या थरालाच माहीत. त्याचा बॅकअप नाही.

त्या मालकाला मी यातलं काही ऐकवलं नाही. उजव्या दाराचं आतलं पॅनल अजून बसवायचं होतं. आत डोकावलो तर कोपऱ्यात हातभर जुना जांभळा रंग, मळकट, सालीसकट.

"तेवढं राहिलंय," तो ओशाळून म्हणाला, "या हिवाळ्यात घासून टाकतो."

म्हटलं, "राहू द्या की. पॅनल लावून टाका वरून."