आठवणींचा भाव

धारवाडात घर विकत घ्यायला निघालेल्या माणसाला थोड्याच दिवसांत एक शोध लागतो. तो असा की, ह्या गावातल्या प्रत्येक जुन्या घराच्या माजघरात कोणी ना कोणी थोर गवई गाऊन गेलेला आहे. खरे-खोटे देव जाणे. मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू ह्याच गावात राहिले, गंगूबाई हनगल १९१३ साली इथेच जन्मल्या. तेव्हा तसे घडले नसेलच असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? पण घर विकणारा जेव्हा हे सांगतो, तेव्हा तो इतिहास सांगत नसतो. भाव सांगत असतो. आणि घेणारा संगीतशिक्षक आहे असे कळले की तो भाव लगेच तार सप्तकात जातो.

मी तसा शिक्षक आहे. वडील दक्षिणेकडील एका संस्थानच्या दरबारात गात. संस्थाने विलीन झाली तेव्हा ते पंचविशीत होते. मी त्यांच्या उतारवयातला. राहते घर दरबारचे होते, ते दरबाराबरोबर गेले. म्हणजे आमच्याकडे घराणे आले, घर आले नाही. आणि घासाघीस करण्याची विद्या तर मुळीच आली नाही. भाड्याच्या जागेत पहाटे तंबोरा लावला की वरचे बिऱ्हाड कुरकुरते. शिष्यांनी खर्ज लावायचा तो दबक्या आवाजात. म्हणून गेली दोन वर्षे मी माळमड्डी, सप्तापूर, साधनकेरी अशी पायपीट करतो आहे, आणि घर विकणाऱ्यांविषयी माझे एक मत झाले आहे.

ते मत असे : अडून बसणारा मालक बहुधा पैशासाठी अडलेला नसतो. तो दुसऱ्या कोणाच्या तरी सहीसाठी अडलेला असतो, आणि ते त्याला आपल्या तोंडाने सांगायचे नसते.

एका घराचे उदाहरण देतो. कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर. तिघे भाऊ. थोरले बोलणी करीत. पहिल्या खेपेस चहा आणि जुन्या बैठकीची हकीकत. दुसऱ्या खेपेस भाव ठरला. तिसऱ्या खेपेस तो वाढला. चौथ्या खेपेस "मास्तर, श्रावण संपू द्या" असे उत्तर आले. एजंट माझ्या कानाशी लागला की म्हातारा लोभी आहे, आणखी दोन लाख फेकले की वठणीवर येईल. मला तो लोभी वाटेना. लोभी माणूस भाव वाढवून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो. हे गृहस्थ जमिनीकडे बघत. मी सहज विचारले, "काका, बहिणी किती तुम्हाला?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एक आहे. सोलापुरास दिली." तिला ह्या व्यवहाराची कोणी वार्ताही दिली नव्हती.

पूर्वी अशी वार्ता देण्याची रीत नव्हती. कायदा मात्र कधीच पुढे गेला. कर्नाटकाने १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने बसवले. २००५ साली ते साऱ्या देशाला लागू झाले. आणि २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निकालात स्पष्ट केले. तेव्हा तिघा भावांनी सह्या केल्या तरी घेणाऱ्याच्या पदरी पडतो तो तिघांचा हिस्सा, घर नव्हे. राहत्या घरातला असा अविभक्त हिस्सा घेणाऱ्या परक्याला त्या कुटुंबात शिरून राहण्याचा हक्क कायदा देत नाही. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या कायद्याप्रमाणे घरातलेच कोणी त्याचा हिस्सा कोर्टाच्या किमतीने परत मागू शकतात. इतका खटाटोप करून पुन्हा भाड्याच्या खोलीत!

म्हणून बोलणी किमतीपासून सुरू करू नयेत, माणसांपासून करावीत. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळे इथे अजून सिटी सर्व्हेचा उतारा निघतो. तो काढावा, बोजाचा दाखला काढावा, आणि त्यांवरची नावे व घरातली माणसे ताडून पाहावीत. परदेशी असलेल्या मुलाचे मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीपुढे वा आपल्या वकिलातीत झालेले असावे, आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरलेला असावा. सगळी नावे साठेखतात आल्याखेरीज विसाराची मोठी रक्कम देऊ नये. जो मालक हे सारे मागताच रागावतो, त्याला नमस्कार करावा व उठावे. जो कागद पुढे करण्याआधीच विसार मागतो, तो कितीही गोड बोलला तरी मला अडेलतट्टू मालकापेक्षा त्याचे भय अधिक वाटते.

नुसताच भाव चढवणाराही असतो, नाही असे नाही. इथे उच्च न्यायालयाचे पीठ २००८ साली आले, आयआयटी २०१६ साली आली. दोन्ही वेळा गावातल्या निम्म्या घरमालकांनी मनातल्या मनात आकडा बदलला असला पाहिजे. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. आपला आकडा एकदा सांगावा, तो किती दिवस कायम आहे ते सांगावे, आणि घरी येऊन रियाज करावा.

पण आपण घेणारेही काही कमी नसतो. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली लंडनला ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली सुमारे ३१ लाख पौंडांना घेतले. त्या व्यवहारात अडून बसला तो विकणारा नव्हे. आपल्याच सरकारी दिरंगाईने घर हातचे जाते की काय, अशी चिंता तेव्हा वर्तमानपत्रांतून उमटली होती. घर मिळाल्यावरही ते स्मारक म्हणून वापरायला तिथली नगरपालिका कबूल होईना. परवानगी २०२० साली मिळाली. तेव्हा जागा कशासाठी वापरणार आणि ते चालेल का, हे आधी विचारलेले बरे. मी तर आता शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून तंबोऱ्याचा विषय काढतो.

आठवणींचे काय, असे कोणी विचारील. त्या ऐकाव्यात, पूर्ण ऐकाव्यात. मन्सूरांचे घर आज स्मारक आहे ते आयुष्यभराच्या साधनेमुळे. एका रात्रीच्या बैठकीचे पैसे मोजायचे कारण नाही. परंतु हकीकत मध्येच तोडून "शेवटचा आकडा बोला" म्हणणाऱ्याला कोणी धड आकडाही सांगत नाही.

सोलापूरच्या ताई गेल्या महिन्यात येऊन गेल्या. सही करायला त्या तयार आहेत. हिश्शाची रक्कम त्यांच्याच नावे चेकने हवी, आणि परसातला पारिजातक तोडू नये, एवढेच त्यांचे मागणे. काकांना दिवाळीपर्यंत त्याच घरात राहायचे आहे. राहोत. मी वकिलांना सांगितले आहे की ताबा देण्याची तारीख साठेखतात अक्षरी घाला, आणि पारिजातकही घाला. वकील हसले. पारिजातकाचे कलम त्यांनी अजून लिहिलेले नाही.