ट्रकच्या पट्ट्यांची चटई आणि परंपरेचा प्रश्न

'परंपरा जपा' हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती परंपरा ज्यांच्या हातांनी चालली, त्यांना तिच्यात बदल करण्याचा हक्क आहे की नाही, हे उपदेश करणारा कधी सांगत नाही. न्यूझीलंडमधल्या चार माओरी स्त्रियांनी हा हक्क कुणाला न विचारता वापरला. म्हणून त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

एरेना बेकर, सारा हडसन, ब्रिजेट रेवेटी आणि टेरी ते ताऊ या चौघी २०१२ पासून 'माताआहो कलेक्टिव्ह' या एकाच नावाने काम करतात. त्यांच्या 'ताकापाऊ' या कलाकृतीला २०२४ मध्ये व्हेनिस बिएनालेचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. ताकापाऊ म्हणजे बाळंतपणासारख्या महत्त्वाच्या प्रसंगी अंथरायची बारीक विणीची चटई. या चौघींनी ती विणली ट्रकवरचा माल आवळून बांधायच्या चमकत्या पट्ट्यांनी! त्याआधी २०१७ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात त्यांनी निळ्या ताडपत्रीची ११ मीटर लांब 'किको मोआना' मांडली होती.

ही कसली परंपरा, असे कुणी म्हणेल. त्याने इतिहास पाहावा. माओरींचे पूर्वज उष्ण बेटांवरून आले. तिथे ते झाडाच्या सालीपासून कापड करत. ते झाड न्यूझीलंडच्या थंडीत नीट वाढेना, तेव्हा त्यांनी हाराकेके या लांब पानांच्या झुडपाचा धागा काढला. युरोपीय आल्यावर एकोणिसाव्या शतकात त्यांच्या अंगरख्यांत रंगीत लोकर आली. म्हणजे साहित्य बदलणे हीच तिथली जुनी रीत आहे. विणण्याचे ज्ञान टिकले ते हात बदलत्या जगाशी जुळवून घेत राहिले म्हणून.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती साहित्याची निवड. वसाहतवादात माओरींच्या जमिनी गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या संख्येने ते शहरांकडे, कारखान्यांकडे आणि अंगमेहनतीच्या कामांकडे वळले. माल बांधायचा पट्टा आणि ताडपत्री या त्या कष्टकऱ्यांच्या रोजच्या वस्तू. त्या जगातल्या सर्वात प्रतिष्ठित दालनात टांगल्या गेल्या, म्हणजे श्रमच तिथे मानाने उभा राहिला.

दुसरी गोष्ट ज्ञानाच्या मालकीची. रंगिमारिए हेटेट या थोर विणकरणीला हे ज्ञान आपल्याच लोकांत राहावे असे वाटे. तरीही १९५१ मध्ये स्थापन झालेल्या माओरी महिला कल्याण संघामार्फत त्यांनी आणि त्यांची लेक डिगरेस ते कानावा यांनी ते बाहेरच्या स्त्रियांनाही शिकवले. पुढे डिगरेस यांच्याकडे शिकलेल्या मॉरीन लँडर यांनी विद्यापीठातही शिकवले, आणि २०२१ मध्ये त्यांना माताआहोबरोबर वॉल्टर्स पुरस्कार मिळाला. ज्ञान कुलूपबंद राहिले असते, तर ही साखळी तुटली असती.

मात्र मित्रांनो, तुलना करताना सावध राहू. माओरी समाजात विणकरणीला मान होता. त्यांच्यावरचा घाला बाहेरून आला. आपल्याकडे दोर वळणे, टोपल्या विणणे, केरसुण्या बांधणे ही कामे जातीने लादली आणि करणाऱ्यालाच हीन ठरवले. जात श्रमाबरोबर श्रमिकालाही कायमचे वाटून टाकते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवले. म्हणून ज्याने दोर वळणे सोडून पुस्तक हाती घेतले, त्याला 'परंपरा मोडली' म्हणून हिणवण्याचा अधिकार कुणालाही नाही. आणि आपल्यातल्या एखाद्या मुलीला उद्या तोच दोर कला म्हणून हाती घ्यावासा वाटला, तर निवड तिची असावी, कामावर नाव तिचे असावे आणि मोबदलाही तिलाच मिळावा.

परंपरा जपायची की मोडायची, हे तिचे ओझे वाहणाऱ्यांनीच ठरवायचे. त्या चार माओरी स्त्रियांनी ते ठरवले. आपणही ठरवू.

जयभीम!