घर विकताना दुकानदाराची नजर हवी

दुकान उघडताच आपण फळ्या झटकतो, माल नीट मांडतो, दिवा लावतो. गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी खरेदी करते, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगावे लागत नाही. पण तोच व्यापारी राहते घर विकायला काढतो तेव्हा ही अक्कल कुठे जाते? खोलीत कापडाचे तागे, जिन्यात मोडकी शिलाई मशीन, खिडकीला आडवे कपाट. पाहणाऱ्याला खोली दिसत नाही, अडगळ दिसते. मग तो भाव पाडून मागतो. मुलीच्या लग्नासाठी किंवा धंद्याच्या भांडवलासाठी घर विकणाऱ्याला हा फटका परवडत नाही.

आमच्या मते यासाठी मोठा खर्च नको. कारखान्याचा माल चार दिवस दुसरीकडे हलवा. खिडक्या मोकळ्या करा, भिंतींना फिका रंग द्या. टपकणारा नळ, सैल कडी, जळालेला बल्ब बदला. मोरी व संडास घासून घ्या. घरातील बायका आधी तेच पाहतात. घर दिवसा, उजेडात दाखवा.

मात्र सजावट वेगळी आणि लपवाछपवी वेगळी. गळती तशीच ठेवून ओल्या भिंतीवर रंग मारला, तर पावसाळ्यात पोपडे निघणारच. आधी गळती बंद करा, भिंत वाळू द्या, मग रंग. दुरुस्ती जमत नसेल तर तसे सांगून भाव ठरवा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, उलट करार नसेल तर, आपल्याला ठाऊक असलेला पण घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. तो दडवणे ही फसवणूक ठरते. मालाचा ऐब सांगून विकावा, ही तर आपल्या व्यापाराची जुनी शिकवण.

घराइतकीच कागदपत्रेही झाडूनपुसून ठेवा. खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची पावती व वीजबिल एका फाइलीत लावा. अनेक घरे अजून मरहूम वडिलांच्याच नावावर असतात. तिथे आधी वारसनोंद करा. बहिणींचाही त्यात हिस्सा असतो. त्यांच्या सह्यांशिवाय पूर्ण घर विकताच येत नाही. विसार घेतल्यावर ही गोष्ट निघाली की सौदा मोडतो आणि नातेही तुटते.

स्वच्छ घर, स्वच्छ कागद आणि स्वच्छ जबान एवढी तयारी असली, की भावासाठी फार घासाघीस करावी लागत नाही.