परभक्षी कोळी सोडताय? आधी तापमान आणि खाद्य पाहा

हवामान विभागाच्या नोंदींनुसार २०२४ हे १९०१ पासूनचे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. उन्हाची तीव्रता वाढली की पॉलिहाउसमधील गुलाब, जरबेरा, ढोबळी मिरची, काकडीवर लाल कोळीचा प्रादुर्भावही वाढतो. ही कीड रासायनिक कोळीनाशकांना लवकर दाद देईनाशी होते, त्यामुळे परभक्षी कोळ्यांचा पर्याय पुढे येतो. मात्र प्रजाती आणि वेळ चुकली, तर पैसे वाया जातात.

तापमान : ३० अंश सेल्सिअसच्या आसपास लाल कोळीची एक पिढी साधारण आठवड्यात पूर्ण होते. तिचा सर्वांत परिचित शत्रू म्हणजे ‘फायटोसियुलस पर्सिमिलिस’. २० ते २७ अंश तापमानात आणि चांगल्या आर्द्रतेत तो किडीपेक्षा वेगाने वाढतो. पण तापमान ३० अंशांच्या पुढे आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली गेली, की त्याची अंडी सुकतात. म्हणजे कीड जोरात असते, तेव्हाच हा मित्र थकतो. ‘निओसियुलस कॅलिफोर्निकस’ उष्ण, कोरडे हवामान अधिक सहन करतो. ‘निओसियुलस लाँजिस्पायनोसस’ ही प्रजाती तर आपल्याकडे निसर्गतःच आढळते.

खाद्य : पर्सिमिलिस जवळपास फक्त जाळी करणाऱ्या कोळ्यांवर जगतो. कीड नसताना सोडल्यास तो उपाशी मरतो किंवा निघून जातो. कॅलिफोर्निकस इतर कोळी आणि परागकणांवरही तग धरतो. पांढरी माशी व फुलकिड्यांवर वापरला जाणारा ‘अँब्लिसियस स्विर्स्की’ परागकणांवर वाढतो. त्यामुळे फुलावर आलेल्या ढोबळी मिरचीत तो किडीआधीच बस्तान बसवू शकतो. पॉलिहाउसमधील बिनबियांच्या काकडीत नर फुले नसतात, गुलाब कळी अवस्थेत काढला जातो. तिथे पराग मिळत नाही. अशा पिकांत पाणकणसाचे पराग पूरक खाद्य म्हणून देता येतात.

काय करावे?
• खरेदीपूर्वी प्रजातीचे नाव विचारा. ‘मित्रकोळी’ एवढ्या नावावर घेऊ नका.
• पॉलिहाउसमधील दुपारचे कमाल तापमान व किमान आर्द्रता आठवडाभर नोंदवा.
• भिंगाने पानांची खालची बाजू तपासा. लाल कोळी थोड्या झाडांवर असतानाच त्या जागी परभक्षी सोडा. दाट जाळी झाल्यावर उशीर झालेला असतो.
• सकाळी लवकर किंवा सायंकाळी सोडा. उन्हाळ्यात शेडनेट, फॉगरने तापमान कमी ठेवा. पिकाला पाण्याचा ताण देऊ नका.
• सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील फवारणी टाळा. तिचा अंश परभक्षींना अनेक आठवडे घातक ठरतो.

विस्तार कार्यकर्त्यांनीही शिफारस करताना ‘किती सोडायचे’ याआधी ‘किती तापमानात आणि कशावर जगणार’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर समाधानकारक नसेल, तर त्या हंगामात परभक्षींवर खर्च न केलेलाच बरा.