विश्लेषण : घरचा राउटर स्वतःच असेंबल करायचा? मग पेटीत नेमके काय हवे?

घराच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला वायफाय राउटर हा गेल्या काही काळात राष्ट्रीय सुरक्षेचा विषय झाला आहे. अमेरिकेची वाणिज्य, संरक्षण आणि न्याय ही तीन खाती टीपी-लिंक कंपनीच्या राउटरची चौकशी करत असल्याचे वृत्त डिसेंबर २०२४ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दिले. या कंपनीची सुरुवात चीनमधल्या शेनझेनची. सुरक्षेबाबतचे आरोप कंपनीने फेटाळले आहेत.

पण मे २०२५ मध्ये एफबीआयने दिलेला इशारा जास्त बोलका होता. कंपनीने अपडेट देणे थांबवलेले जुने राउटर गुन्हेगार ताब्यात घेतात आणि आपली ओळख लपवण्यासाठी त्यांच्यामार्फत इंटरनेट वापरतात, असे त्यात म्हटले होते. सोबत दिलेल्या यादीतले बहुतेक मॉडेल चिनी नव्हते, लिंक्सिस या अमेरिकेत सुरू झालेल्या ब्रँडचे होते. म्हणजे राउटर कुठल्या देशाचा, यापेक्षा त्याला अजून अपडेट मिळते का, हा प्रश्न मोठा. आणि दुकानातून आणलेल्या राउटरला ते किती वर्षे मिळेल, हे कंपनी ठरवते.

इथूनच ‘स्वतःचा राउटर’ ही कल्पना पुढे येते. राउटर म्हणजे शेवटी दोन किंवा अधिक नेटवर्क पोर्ट असलेला छोटा संगणक. तो आपण निवडला आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी किंवा ओपीएनसेन्ससारखी मुक्त प्रणाली टाकली, तर अपडेट कंपनीच्या मर्जीवर राहत नाही. यात नवीन काही नाही. लिंक्सिसच्याच डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याने परवान्यानुसार त्याचा सोर्स कोड २००३ मध्ये खुला करावा लागला, आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटीचा जन्म झाला.

वेग म्हणजे नक्की काय?

बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेला वेग हा बहुधा वायफायच्या सगळ्या बँडची बेरीज असते. राउटरचे खरे काम म्हणजे येणारे प्रत्येक पॅकेट उघडून ते कुठे पाठवायचे हे ठरवणे. १ गिगाबिटच्या लाइनवर १५०० बाइटची मोठी पॅकेट असतील तर सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेट हाताळावी लागतात. सगळी पॅकेट सर्वात लहान आकाराची असतील तर हाच आकडा जवळपास १५ लाखांवर जातो.

स्वस्त राउटर हे काम एका खास चिपवर ढकलून निभावून नेतात. मात्र घरात एकाने मोठी फाइल डाउनलोड करायला घेतली की दुसऱ्याचा व्हिडीओ कॉल अडखळतो, त्यावर उपाय म्हणून एसक्यूएम हे सेटिंग चालू केले, की पॅकेट प्रोसेसरकडे येतात आणि वेग कोसळतो. व्हीपीएनचेही तसेच. त्यामुळे ‘गिगाबिट राउटर’ असे लिहिलेली पेटी अशा कामाला गिगाबिट देईलच असे नाही.

मग प्रोसेसर कोणता?

सध्या या छंदातल्या लोकांचे आवडते नाव आहे इंटेल एन१००. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या या चिपमध्ये चार कोअर आहेत आणि तिची अधिकृत वीजमर्यादा फक्त ६ वॉट आहे. चार नेटवर्क पोर्ट असलेले, पंख्याशिवाय चालणारे मिनी पीसी याच चिपवर मिळतात. गिगाबिट तर सोडाच, २.५ गिगाबिटच्या लाइनलाही ही चिप घरगुती वापरात पुरून उरते.

जुना डेस्कटॉप फुकटात पडून आहे, तोच का वापरू नये? वापरता येतो, पण राउटर चोवीस तास चालतो. १० वॉटची पेटी ३० दिवसांत ७.२ युनिट खाते, ५० वॉटचा डेस्कटॉप ३६ युनिट. युनिटमागे १० रुपये धरले तर महिन्याला ७२ रुपये आणि ३६० रुपये असा हा फरक. शिवाय लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर कोण जास्त टिकेल, हे सांगायला नको.

रासबेरी पाय ४ चे नाव नेहमी निघते. त्यात गिगाबिट पोर्ट एकच आहे, दुसरा यूएसबीवरून जोडावा लागतो. शिकण्यासाठी छान, पण घरातल्यांचे ऑफिस आणि क्लास ज्यावर अवलंबून आहेत, त्या लाइनसाठी यूएसबीवर लटकणारा अडॅप्टर ही फार शहाणपणाची निवड नव्हे.

प्रोसेसरपेक्षा पोर्ट महत्त्वाचा

खरेदी करताना सगळे प्रोसेसरकडे पाहतात आणि फसतात ते नेटवर्क चिपमध्ये. इंटेलच्या आय२२५-व्ही या २.५ गिगाबिट चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष होता. काही उपकरणांबरोबर पॅकेट गळत. पुढच्या आवृत्तीत तो सुधारला गेला आणि नंतर आय२२६-व्ही आली. आज मिनी पीसी घेताना हेच नाव शोधावे. रिअलटेकची चिप लिनक्सवर, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीवर, सहसा नीट चालते. ओपीएनसेन्स मात्र फ्रीबीएसडीवर उभी आहे आणि तिथे रिअलटेकच्या ड्रायव्हरबद्दल तक्रारी जुन्या आहेत.

आणखी एक खाच भारतातल्या वाचकांसाठी. इथल्या अनेक फायबर कंपन्या पीपीपीओई पद्धतीने, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून, लाइन देतात. या पद्धतीत नेटवर्क कार्डाला पॅकेट वेगवेगळ्या कोअरवर वाटता येत नाहीत, त्यामुळे विशेषतः फ्रीबीएसडीवर सगळा भार एकाच कोअरवर येत आला आहे. अशा लाइनला आठ मंद कोअरपेक्षा चार चपळ कोअर बरे.

रॅमवर जास्त खर्च करू नये. एआयच्या डेटा सेंटरमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. ओपनडब्ल्यूआरटीला १२८ एमबी पुरते, ओपीएनसेन्सला ८ जीबी भरपूर झाली. १६ जीबीचा मोह राउटरसाठी तरी निरर्थक आहे.

वायफायचे काय?

मिनी पीसीच्या आत वायफाय कार्ड बसवून त्यालाच राउटर करणे हा बहुतेकांचा पहिला विचार, आणि तो सोडून द्यावा. ही कार्डे लॅपटॉपसाठी बनलेली असतात, अख्ख्या घराला सिग्नल देण्यासाठी नव्हे. वायफायसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट लावणे उत्तम. भारतात ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा वायफायसाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला. अशा बदलांनुसार फक्त ॲक्सेस पॉइंट बदलता येतो, राउटर तसाच राहतो.

ज्यांना दोन पेट्या नकोत त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी वन आहे. ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प आणि सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी यांनी मिळून नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या या राउटरची किंमत ८९ डॉलर होती. एक २.५ गिगाबिट आणि एक १ गिगाबिट असे दोनच पोर्ट, वायफाय ६, आणि चुकीचे अपडेट टाकले तरी पेटी कायमची बंद पडू नये म्हणून दुसरी स्वतंत्र फ्लॅश मेमरी. गिगाबिटपर्यंतच्या घराला एवढे पुरे.

विश्वासाचा प्रश्न संपतो का?

पूर्णपणे नाही. चिनी राउटर नको म्हणून मागवलेला मिनी पीसी बहुधा शेनझेनहूनच येतो, आणि त्याचे बायोस अपडेट कधी मिळेल याची खात्री नसते. प्रोटेक्टलीसारख्या कंपन्या कोअरबूट हे मुक्त फर्मवेअर देतात, पण त्यांची पेटी महाग पडते. किमान आलेल्या डिस्कवरचे सॉफ्टवेअर न वापरता ती पुसून प्रणाली नव्याने टाकावी.

हे सगळे कुणी करावे? लाइन १०० किंवा २०० एमबीपीएसची असेल आणि तक्रार फक्त आतल्या खोलीत रेंज येत नाही एवढीच असेल, तर नवा राउटर बांधून काहीही साधणार नाही. केबल टाकून एक ॲक्सेस पॉइंट लावणे स्वस्त आणि परिणामकारक. गिगाबिट लाइन, दिवसभर व्हीपीएन, कॅमेरे आणि स्मार्ट टीव्ही वेगळ्या नेटवर्कवर ठेवण्याची गरज, असे काही असेल तर हिशेब जुळतो.

त्याआधी लाइन देणाऱ्या कंपनीला किंवा केबलवाल्याला एक प्रश्न विचारावा : ओएनटी, म्हणजे फायबर जिथे येते ती पेटी, ब्रिज मोडवर टाकून मिळेल का? नाही म्हटले तर एकामागे एक दोन राउटर लागतात आणि घरातला सर्व्हर बाहेरून उघडणे किचकट होते. ब्रिज मोड मिळाल्यावर बाहेरच्या पोर्टचा आयपी पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनी एकच पत्ता अनेक घरांत वाटते आहे, आणि कितीही भारी हार्डवेअर आणले तरी त्यात फरक पडणार नाही.